दुसऱ्या सुराचा माणूस
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

२७ फेब्रुवारी २००२. लॉस एंजेलिस शहरात ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा रंगात आला होता. झगमगाट, नाच, कर्णे, विजेवरची वाद्यं, सगळं यथास्थित चाललं होतं. मग रंगमंचावर एक किरकोळ अंगाचा म्हातारा येऊन उभा राहिला. पंच्याहत्तरी पूर्ण होऊन त्याला दोनच दिवस झाले होते. सोबत एकही वाद्य नाही, साथीला कुणी नाही. त्याने मृत्यूकडे मुदत मागणारं एक जुनं डोंगरी गीत म्हटलं. आवाज थकलेला, कडांना खरखरीत, पण सुरावरची पकड अशी की ऐकणाऱ्याला खुर्चीत हलायची सोय नाही. त्या वर्षीचा कंट्री संगीतातल्या सर्वोत्तम गायकाचा पुरस्कार या म्हाताऱ्याला मिळाला. त्याचं नाव राल्फ स्टॅन्ली.

जगाला तो असा एकटा उभा राहिलेला दिसला. मला यातली गंमत सांगायची आहे ती अशी की हा माणूस आयुष्यात एकटा गाणारा नव्हताच. आधी वीस वर्षं तो भावाच्या सुराला जोड देत होता. भाऊ गेल्यावरही पुढे उभं राहायच्या जागेवर त्याने एकामागून एक दुसऱ्यांनाच आणून उभं केलं आणि स्वतः वरच्या सुरात त्यांची साथ करत राहिला. त्याच्या बँडचं नाव ‘क्लिंच माउंटन बॉइज’. १९४६ पासून २०१६ पर्यंत, सत्तर वर्षं, हे नाव त्याने खाली पडू दिलं नाही.

या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. बिल मन्रो नावाचा केंटकीचा मँडोलिनवादक आपल्या बँडला ‘ब्लू ग्रास बॉइज’ म्हणत असे, त्यावरून सबंध शैलीलाच पुढे ते नाव चिकटलं. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि उभा मोठा बास एवढीच वाद्यं. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायची रीत तेवढी लोकसंगीताची. ड्रम नाहीत, वीज नाही. गाण्यात एकजण मूळ चाल गातो, तो मुख्य आवाज. दुसरा त्याच्या वरच्या पट्टीत, त्याच्या जोडीने, त्याच शब्दांवर चालतो. त्याला टेनर म्हणतात. ऐकणाऱ्याचं लक्ष मुख्य आवाजाकडे असतं आणि काळजाला भिडतो तो मात्र बहुतेक वेळा हा वरचा सूर. राल्फ टेनर होता. स्वतः मात्र तो ब्लूग्रास हा शब्द फारसा मानत नसे. आपलं संगीत जुन्या वळणाचं डोंगरी संगीत आहे, असं तो म्हणे.

व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला डिकन्सन काउंटी आहे. कोळशाच्या खाणी, लाकडाच्या वखारी, अरुंद खोरी. तिथे १९२५ साली कार्टर आणि १९२७ साली राल्फ जन्मला. वडील ली स्टॅन्ली लाकूड कापायची गिरणी चालवत. आई लूसी बँजो वाजवी, तोही जुन्या पद्धतीने, नखांनी तारेवर खाली आघात करत. राल्फ एक गोष्ट नेहमी सांगे. मावशीकडे एक डुकरीण होती आणि एक जुना बँजो होता, दोन्हींची किंमत पाच-पाच डॉलर. आईने विचारलं, यातलं काय हवं? दोन्ही घेण्याइतके पैसे नव्हते. पोराने बँजो घेतला. त्या डोंगरात डुकरीण घेणं हा शहाणपणाचा सौदा होता, हे लक्षात घेतलं म्हणजे या निवडीचं मोल कळतं.

घराण्याचं दुसरं देणं चर्चमधलं. हे लोक प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट पंथाच्या वळणातले. त्यांच्या चर्चमध्ये वाद्याला मज्जाव. गीतांची पुस्तकं मोजकी, म्हणून एकजण ओळ म्हणून दाखवी आणि मग सगळी मंडळी ती ओळ लांबवत, ओढत, एकत्र गात. आपल्या भजनात बुवा ओळ सांगतात आणि मंडळी उचलतात, तशातलाच प्रकार, फक्त टाळ नाहीत, मृदंग नाही आणि ठेकाही जवळजवळ नाही. मोकळ्या गळ्याने, स्वराला किंचित वळवत म्हणायचं ते गाणं राल्फच्या गळ्यात लहानपणीच बसलं. पुढे त्याने जे काही केलं त्याच्या मुळाशी हे आहे.

दोघे भाऊ सैन्यातून परतल्यावर १९४६ च्या अखेरीस त्यांनी बँड काढला. जवळच्याच क्लिंच डोंगराचं नाव त्याला दिलं. टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात डब्ल्यूसीवायबी हे नवं रेडिओ केंद्र निघालं होतं. त्याच्या दुपारच्या ‘फार्म अँड फन टाइम’ कार्यक्रमात हे भाऊ गाऊ लागले. आवाज पाच राज्यांत पोहोचे. पत्रं येत, फर्माइशी येत. कमाई व्हायची ती मुख्यतः शाळांच्या सभागृहांत होणाऱ्या कार्यक्रमांची आणि रेडिओवरून विकलेल्या गाण्यांच्या पुस्तकांची. संध्याकाळी खोऱ्यातल्या कुठल्या तरी शाळेत कार्यक्रम, रात्री गाडी हाकत परत आणि दुपारी पुन्हा माइकसमोर.

कार्टर देखणा, बोलका, गाणी रचणारा. रंगमंचावर बोलायचं काम त्याचं. राल्फ लाजाळू; बँजोवर नजर, वेळ आली की वरचा सूर लावायचा, झालं. सुरुवातीला त्यांनी मन्रोची बरीच नक्कल केली, हे लपवण्यात अर्थ नाही. कोलंबिया कंपनीने या भावांना करारबद्ध केलं तेव्हा मन्रो इतका चिडला की त्याने ती कंपनीच सोडली. पण १९४९ पासूनची कोलंबियाची ध्वनिमुद्रणं ऐकली की नक्कल संपून स्वतःचं काही सुरू झाल्याचं जाणवतं. मँडोलिनवादक पी वी लँबर्ट टेनरच्याही वर तिसरा आवाज लावी. मुख्य आवाज तळाशी आणि त्याच्या वर दोन सूर चढलेले, अशी ती तीन आवाजांची घडण. अमेरिकन गाण्यात याहून एकाकी काही मी तरी ऐकलेलं नाही.

मग वाईट दिवस आले. १९५५ नंतर रॉक अँड रोलच्या लाटेत असे किती तरी बँड वाहून गेले. हे भाऊ फ्लोरिडात जाऊन राहिले. साथीदारांना द्यायला पैसे नसत. कधी कधी दोघे भाऊ आणि जॉर्ज शफलर असे तिघेच कार्यक्रमाला जात. फिडल नाही, मँडोलिन नाही. ती पोकळी भरायला शफलरने गिटारच्या तारा उलटसुलट छेडण्याची नवी रीत काढली. आज गिटार शिकणारी मुलं ती आवडीने गिरवतात. तिचा जन्म मात्र तंगीतून झालेला आहे.

कार्टर पीत असे. अखेरच्या वर्षांत फार. १ डिसेंबर १९६६ रोजी यकृताच्या विकाराने तो ब्रिस्टलच्या रुग्णालयात गेला. वय अवघं ४१.

राल्फपुढे प्रश्न उभा राहिला तो निव्वळ दुःखाचा नव्हता. ज्याच्या आवाजावर आपला आवाज टेकलेला, तोच गेला. वरचा सूर एकटा कसा गायचा? त्याला कार्यक्रमात दोन वाक्यं बोलायची सवय नव्हती. बँजो ठेवून देऊन दुसरं काही करावं, असंही त्याच्या मनात आलं. पण रसिकांची पत्रं येत राहिली: थांबू नका. तो थांबला नाही. आणि इथे त्याने जो निर्णय घेतला तो मला त्याच्या सगळ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वतः मुख्य गायक होऊन बँडवर आपलं एकट्याचं नाव कोरणं सोपं होतं. त्याने भावाची जागा जागा म्हणून ठेवली आणि तिथे माणूस शोधला.

पहिला लॅरी स्पार्क्स, ओहायोचा, जेमतेम विशीतला. तो पुढे स्वतःचा बँड काढायला गेला. मग रॉय ली सेंटर्स. याचा आवाज कार्टरच्या इतका जवळचा होता की जुने श्रोते डोळे मिटून ऐकत. १९७४ च्या मे महिन्यात त्याचा गोळी घालून खून झाला. राल्फला दुसऱ्यांदा तीच जागा रिकामी झालेली पाहावी लागली.

त्याआधीची एक गोष्ट. १९७० च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियातल्या फोर्ट गे गावी बँडचा कार्यक्रम होता. गाडीचं चाक पंक्चर होऊन राल्फला उशीर झाला. वेळ भरून काढायला केंटकीच्या दोन पोरांना उभं केलेलं होतं. राल्फ दारातून आत आला तर आत स्टॅन्ली बंधूंची गाणी चाललेली. क्षणभर त्याला आपलीच रेकॉर्ड लावली आहे असं वाटलं, असं सांगतात. मुलं होती रिकी स्कॅग्ज आणि कीथ व्हिटली. शाळेतली पोरं. राल्फने दोघांना बँडमध्ये घेतलं. गरज होती म्हणून नव्हे. गाडीत जागा नव्हती, पैसेही बेताचेच. पण कार्टरला कानाने पाठ केलेली मुलं परत पाठवणं त्याला जमलं नाही. दोघेही पुढे कंट्री संगीतातले मोठे तारे झाले. सेंटर्स गेल्यावर कार्टरची जागा व्हिटलीने काही वर्षं सांभाळली. दुर्दैव असं की त्याने कार्टरचा आवाज उचलला आणि व्यसनही. १९८९ साली दारूनेच त्याचा बळी घेतला. त्याच्यानंतर चार्ली साइझमोर, आणि नव्वदच्या दशकात राल्फचा स्वतःचा मुलगा, राल्फ दुसरा.

मुख्य गायक बदलत गेले, तरी मागची माणसं ठाण मांडून राहिली. खाणीत काम केलेला फिडलवादक कर्ली रे क्लाइन १९९३ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळ. बासवर जॅक कुक १९७० पासून जवळजवळ चाळीस वर्षं. २००९ मध्ये तो वारला. गिटारवर जेम्स ॲलन शेल्टन वीस वर्षं. कर्ली रे कार्यक्रमात विनोद करी आणि आपल्या रेकॉर्डी मोठ्या निगुतीने खपवी. प्रेमापोटी हेही सांगायला हवं की सगळंच सोनं नव्हतं. राल्फने ढिगाने रेकॉर्डी काढल्या, तीच ती गाणी पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केली, आणि काही अल्बम घाईत उरकल्यासारखे वाटतात. पण १९७१ चा ‘क्राय फ्रॉम द क्रॉस’ घ्या. त्यात त्याने वाद्यं बाजूला ठेवून चार गळ्यांचं भक्तिगीत ब्लूग्रासमध्ये आणलं. लहानपणचं चर्च त्याने बँडमध्ये आणून बसवलं. आज जवळजवळ प्रत्येक ब्लूग्रास बँड कार्यक्रमात एखादं तरी गाणं वाद्यांविना म्हणतो, ती रीत या माणसाची.

१९७६ साली लिंकन मेमोरियल विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. डोंगरातल्या लोकांनी ती भलतीच मनावर घेतली आणि पुढे चाळीस वर्षं त्याला ‘डॉक्टर राल्फ’ म्हटलं.

मग २००० साली कोएन बंधूंचा ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ हा चित्रपट आला. संगीताची जबाबदारी टी-बोन बर्नेटकडे होती. ‘ओ डेथ’ हे गाणं बँजोवर म्हणावं, अशी त्याची पहिली कल्पना. राल्फ म्हणाला, मला माझ्या रीतीने म्हणू द्या. बँजो खाली ठेवून त्याने ते चर्चमधल्यासारखं म्हटलं. याच चित्रपटातलं ‘मॅन ऑफ कॉन्स्टंट सॉरो’ हे गाणं स्टॅन्ली बंधूंनी अर्धशतकापूर्वी ध्वनिमुद्रित केलेलं होतं. गाण्यांचा अल्बम लाखोंनी खपला आणि त्यालाही २००२ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. ज्या गाण्याच्या तंगीच्या दिवसांत साथीदाराला द्यायला पैसे नव्हते, त्याला आता शहरांतली मोठी सभागृहं कमी पडू लागली. राल्फने काय बदललं? काहीच नाही. तोच बँड, तीच गाणी, तोच पोशाख. मधे ‘ओ डेथ’ची फर्माइश आली की बँड गप्प उभा राही, तो एकटा म्हणे, आणि ते संपलं की पुन्हा बँजो, फिडल आणि कुणाच्या तरी आवाजावर त्याचा वरचा सूर.

२३ जून २०१६ रोजी, ८९ व्या वर्षी, राल्फ गेला. स्मिथ रिज नावाच्या टेकडीवर, जिथे १९७१ पासून तो दरवर्षी संगीताचा मेळा भरवत असे, तिथेच त्याला पुरलं. कार्टरची कबर पन्नास वर्षं आधीपासून तिथे होती. बँड मुलाने पुढे चालवला.

ही ध्वनिमुद्रणं आता सहज मिळतात. ऐकायची असतील तर कृपा करून ‘ओ डेथ’पासून सुरुवात करू नका. आधी कोलंबियाची ‘द व्हाइट डव्ह’ आणि ‘द लोन्सम रिव्हर’ ही दोन गाणी ऐका, मग सेंटर्स असतानाचा ‘क्राय फ्रॉम द क्रॉस’. कान मुख्य आवाजावर न ठेवता त्याच्या वर ठेवा. ‘ओ डेथ’ शेवटी, आणि जमलं तर रात्री.