अनाहूत ध्वनींचा इतिहास : तबकडीच्या खरखरीपासून यंत्रनिर्मित संगीतापर्यंत

सारांश

ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक नव्या तंत्राने आधीच्या तंत्रातील नको असलेला आवाज कमी केला आणि त्याचबरोबर स्वतःचा एक नवा आवाज संगीतात आणून सोडला. लाखेच्या तबकडीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केलेल्या संगीतापर्यंत हा क्रम कसा चालत आला, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. जुन्या ध्वनिमुद्रणातील दोष हा प्रत्यक्ष घडलेल्या गायनाचा साक्षीदार असतो; यंत्रनिर्मित संगीतातील दोष केवळ यंत्राच्या घडणीची साक्ष देतो. हा भेद दुर्लक्षून केलेली ध्वनीची ‘स्वच्छता’ संगीताच्या इतिहासलेखनास बाधक ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : ध्वनिमुद्रण, प्रक्रियाजन्य ध्वनी, कृत्रिम बुद्धिमत्ता, पाठचिकित्सा, संगीताची साधने.

प्रास्ताविक

लिखित साधनांची चिकित्सा कशी करावी, याची महाराष्ट्रात दृढ परंपरा आहे. मूळ कागदाचा आग्रह इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी धरला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या कार्यातून एक तत्त्व मराठी अभ्यासकांच्या चांगले परिचयाचे झाले. नकलकाराची चूक ही अडचण असते, तसाच तो पुरावाही असतो. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली, तर त्या एका मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे अनुमान करता येते. म्हणूनच संपादक चूक पुसून टाकत नाही. स्वीकृत पाठ वर देऊन पाठभेद तळटीपेत नोंदवतो.

ध्वनिमुद्रित साधनांच्या बाबतीत मात्र असा विवेक अद्याप पुरेसा रुजलेला नाही. खरखर आली की ती काढावी, एवढाच विचार बहुधा होतो. मुद्रणाच्या वा निर्मितीच्या प्रक्रियेमुळे संगीतात शिरणाऱ्या आणि कलावंताला अभिप्रेत नसलेल्या आवाजाला तंत्रज्ञ ‘आर्टिफॅक्ट’ म्हणतात. प्रस्तुत निबंधात त्यासाठी ‘प्रक्रियाजन्य ध्वनी’ हा शब्द योजला आहे.

१. तबकडी : दोष आणि दाखला

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला आणि १८८७ साली बर्लिनरने ग्रामोफोनचे पेटंट घेतले. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैस्बर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळी मुद्रणात विजेचा उपयोग नव्हता. कर्ण्यात गायलेल्या आवाजाच्या बळावरच सुई मेणावर रेघ कोरीत असे. साहजिकच गायकाला कर्ण्याजवळ तोंड नेऊन खड्या आवाजात गावे लागे. फार खालचे व फार वरचे ध्वनी उमटत नसत आणि सारा आविष्कार सुमारे तीन मिनिटांत आटोपावा लागे.

या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे दाबल्या जात. तेथील कामगारांना गायकाची ओळख पटावी म्हणून गाणे संपताच गायिका इंग्रजीत आपले नाव उच्चारी. काटेकोरपणे पाहिल्यास ही घोषणा संगीताचा भाग नाही. ती प्रक्रियेच्या गरजेतून आलेली आहे. तरीही आज कोणीही अभ्यासक ती कापून टाकणार नाही. भारतीय गायन, जर्मन कारखाना आणि ब्रिटिश व्यापार यांचा संबंध त्या काही शब्दांत नोंदला गेला आहे.

तबकडीच्या खरखरीचेही असेच आहे. तबकडी लाखेच्या मिश्रणाची बनत असे आणि तिच्यात दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. पोलादी सुईचे टोक घासून खाचेच्या आकाराचे व्हावे, हा त्यामागील एक हेतू होता. ज्या घर्षणामुळे सुई नीट बसे, त्याच घर्षणातून खरखर निर्माण होई. म्हणजे हा आवाज अपघाताने आलेला नसून त्या यंत्राच्या रचनेतच सामावलेला होता. १९२५ पासून मायक्रोफोनद्वारे विद्युत मुद्रण सुरू झाले, ध्वनींचा पल्ला वाढला आणि हलक्या आवाजातील गायनही टिपता येऊ लागले; पण लाख होती तोवर खरखर राहिली. १९४८ साली आलेल्या व्हिनाइलच्या दीर्घ मुद्रिकेने ती बरीच कमी केली.

२. फीत आणि अंक

१९३५ साली बर्लिनमध्ये मॅग्नेटोफोन हे चुंबकीय फितीचे यंत्र प्रदर्शित झाले. फितीने तबकडीची खरखर घालवली आणि तिच्या जागी ‘सूंऽऽ’ असा अखंड आवाज आणला. त्यावर परिणामकारक उपाय शोधणारे रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली. मुद्रण करताना हलके ध्वनी ठरावीक प्रमाणात उचलायचे आणि ऐकवताना तेवढ्याच प्रमाणात खाली आणायचे, म्हणजे फितीचा आवाजही त्यांच्याबरोबर खाली जातो, असे त्यांच्या पद्धतीचे तत्त्व होते. १९६८ साली या पद्धतीची घरगुती यंत्रांसाठी सोपी आवृत्ती आली. मात्र या पद्धतीने मुद्रित केलेली कॅसेट त्या सोयीविना वाजवली तर आवाज तीक्ष्ण लागतो, आणि साधी कॅसेट ती सोय चालू ठेवून वाजवली तर आवाज मंद होतो. जुन्या मैफलींच्या कॅसेटचे अंकीकरण करणाऱ्याने ही बाब तपासली नाही, तर गायकाच्या आवाजाविषयीच त्याचा चुकीचा ग्रह होण्याची शक्यता असते.

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होऊन ती १६ बिटांत नोंदली जाते. येथे फितीचा आवाज नाही. परंतु अत्यंत हलका स्वर मोजणीच्या पायऱ्यांत अडकून विद्रूप होतो. हे टाळण्यासाठी मूळ ध्वनीत अल्पसा गोंगाट हेतुपुरस्सर मिसळण्याची पद्धत रूढ झाली. नको असलेला एक आवाज घालवण्यासाठी दुसरा मिसळावा लागला, ही बाब या इतिहासात बोलकी आहे.

१९९० च्या दशकात एमपी३ या पद्धतीने, मानवी कानाला ऐकू येणार नाही असे मानलेला अंश गाळून ध्वनी आटोपशीर केला. तिचाही खास दोष आहे. तबल्याच्या ‘ना’सारख्या टणक आघाताच्या क्षणभर आधीच त्याची पुसट छाया पसरते. आघाताआधी प्रतिध्वनी ही निसर्गात न घडणारी गोष्ट येथे सर्रास ऐकू येऊ लागली.

३. स्वच्छतेतून उद्भवलेला दोष

अंकीय संगणनामुळे जुन्या मुद्रिका ‘दुरुस्त’ करण्याची शक्यता निर्माण झाली. अमेरिकेतील युटा विद्यापीठाचे थॉमस स्टॉकहॅम यांनी एन्रिको कारुसो या इटालियन गायकाच्या मुद्रिकांवर केलेले काम १९७६ साली प्रसिद्ध झाले. कर्ण्यामुळे आवाजाला आलेला पोकळपणा काढणे हा त्यांचा उद्देश होता. त्यासाठी त्यांनी आधुनिक ध्वनिमुद्रणाशी तुलना करून कर्ण्याचा परिणाम किती असावा, याचा अंदाज बांधला. हे कार्य निःसंशय थोर होते. तथापि एका गायकाचा आवाज पूर्ववत करताना दुसऱ्याच आवाजाचा आधार घेतला गेला, ही पुढील घडामोडींची नांदी होती.

१९७९ साली स्टीव्हन बॉल यांनी भाषणाच्या ध्वनीतील गोंगाट वजा करण्याची एक पद्धत मांडली. जेथे बोलणे नाही, तेथील आवाजाचा नमुना घ्यायचा आणि तो सर्वत्र वजा करायचा. या वजाबाकीनंतर काही तुटक ध्वनिकण मागे राहतात आणि ते पाण्याच्या बुडबुड्यांसारखे किणकिणतात. अभियंत्यांनी त्याला ‘सांगीतिक गोंगाट’ हेच नाव दिले. मूळ खरखर सर्वत्र सारखी असल्याने कान तिला सरावतो. हा नवा आवाज स्वराचा भास निर्माण करतो आणि म्हणून अधिक फसवा ठरतो.

४. यंत्रनिर्मित संगीतातील प्रक्रियाजन्य ध्वनी

२०१६ साली डीपमाइंड या संस्थेने वेव्हनेट हे प्रारूप मांडले. ध्वनीचा प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूंवरून वर्तवून ते आवाज निर्माण करी. २०२० साली ओपनएआयने ज्यूकबॉक्स सादर केले. १२ लाख गाण्यांवर शिकवलेले हे प्रारूप गायनासह गीत निर्माण करी. पण एक मिनिटाच्या ध्वनीसाठी सुमारे ९ तास लागत आणि त्यात गोंगाट जाणवतो, हे निर्मात्यांनीच नमूद केले होते. त्यानंतर २०२३ साली म्युझिकएलएम व म्युझिकजेन आली आणि पाठोपाठ सुनो, युडिओ यांसारख्या सेवांनी असे संगीत सर्वसामान्यांच्या हाती दिले.

या संगीतात ऐकू येणारे दोष मुख्यतः तीन ठिकाणी उद्भवतात. पहिले ठिकाण संक्षेपाचे. अनेक प्रारूपे ध्वनीला आधी मोजक्या सांकेतिक खुणांत आटवतात आणि मग त्या खुणांवरून ध्वनी पुन्हा उभा करतात. आटवताना जे सूक्ष्म तपशील गळतात, त्यांची जागा अंदाजाने भरली जाते. शब्दांतील ‘स’, ‘श’ अस्पष्ट होणे किंवा झांजेचा नाद फुसफुसल्यासारखा लागणे, हे त्याचे परिणाम होत.

दुसरे ठिकाण ध्वनीच्या चित्राचे. २०२२ च्या डिसेंबरमधील रिफ्यूजन या प्रकल्पाने ध्वनिपटाचे चित्रच यंत्राकडून काढून घेतले. अशा चित्रात कोणता ध्वनी किती तीव्र आहे हे असते. त्याच्या लहरी परस्परांशी कशा जुळतात हे नसते. ती जुळणी ग्रिफिन व लिम यांच्या १९८४ सालच्या पद्धतीने अंदाजे करावी लागते. त्यामुळे आवाज नळीतून आल्यासारखा धातुमय होतो.

तिसरे ठिकाण ध्वनीचा विस्तार करण्याचे. थोड्या बिंदूंवरून पुष्कळ बिंदू तयार करणाऱ्या गणिती थरांमुळे चित्रांत बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटतात, हे २०१६ साली निदर्शनास आले. ध्वनीत तेच चौकोन सततच्या बारीक शिटीचे रूप घेतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या थरांच्या निरनिराळ्या रचना तपासण्यात आल्या. काही रचनांत शिटी उमटते. ती टाळणाऱ्या दुसऱ्या रचनेत ध्वनिपटाचा काही भाग दबला जातो. एक दोष टाळला की दुसरा पत्करावा लागतो, हा तबकडीपासून चालत आलेला नियम येथेही लागू पडतो.

व्यवहारात यावर काही उपाय केले जातात. अधिक सूक्ष्म संक्षेप वापरणे, गायन व वाद्ये यांचे ध्वनी वेगळे करून दोषयुक्त भाग दुरुस्त करणे, किंवा यंत्राने सुचवलेली चाल माणसांकडून नव्याने गाऊन-वाजवून घेणे, हे त्यांतील प्रमुख होत. शेवटचा उपाय सर्वांत परिणामकारक आहे. कारण त्यात यंत्राचा ध्वनी उरतच नाही.

परंतु संगीतकाराला जे नको आहे, ते अभ्यासकाला हवे असू शकते. विस्ताराच्या थरांमुळे ध्वनिपटावर नियमित अंतरांवर शिखरे उमटतात आणि त्यांवरून यंत्रनिर्मित संगीत ओळखता येते, असे डीझर या संगीतसेवेच्या संशोधकांनी २०२५ साली दाखवून दिले. नकलकाराच्या चुकीवरून प्रतीचे मूळ शोधावे, तसाच हा प्रकार आहे. दोष पूर्णपणे पुसला गेला, तर ही ओळखही पुसली जाईल.

५. दोन उदाहरणे आणि एक इशारा

जॉन लेनन यांनी १९७० च्या दशकात घरी मुद्रित केलेल्या एका कॅसेटवर पियानो आणि विजेची गुणगुण आवाजात मिसळली होती. १९९५ च्या सुमारास हे गीत पूर्ण करण्याचा प्रयत्न सोडून देण्यात आला. पुढे यंत्राच्या साहाय्याने लेनन यांचा आवाज वेगळा काढता आला आणि २०२३ साली ‘नाऊ अँड देन’ हे गीत बीटल्सच्या नावे प्रसिद्ध झाले. येथे मूळ कॅसेट अस्तित्वात आहे; त्यामुळे यंत्राने काय राखले आणि काय गाळले, हे ताडून पाहता येते.

याउलट भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे उदाहरण घ्यावे. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव आणि गोविंदराव टेंबे हे त्यांच्या शिष्यपरिवारातले. ‘स्वयंवर’ नाटकाच्या संगीतामागे त्यांची प्रतिभा होती. मात्र त्यांच्या गायनाची मुद्रिका उपलब्ध नाही. शिष्यांच्या मुद्रिकांवर यंत्राला शिकवून ‘बुवांचा आवाज’ ऐकवणे आज तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. मग त्यावर तबकडीची खरखरही चढवता येईल. त्या क्षणी साक्षीदार असलेली खरखर हाच खोटा दाखला बनेल. बुवांचे गाणे आपल्याला ऐकता येत नाही, ही उणीव त्यांच्या इतिहासाचाच भाग आहे. ती भरून काढण्याचा अधिकार यंत्राला देता येणार नाही.

आणखी एक मुद्दा रागसंगीताच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गोंगाट वजा करणाऱ्या पद्धती ‘जे अखंड व एकसारखे, ते अनावश्यक’ या गृहीतकावर आधारलेल्या आहेत. तंबोऱ्याचा नाद अखंड आणि बराचसा एकसारखाच असतो. जवारीमुळे उठणाऱ्या त्याच्या उपस्वरांची दखल सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या लेखनात घेतली होती. जुन्या मैफलीच्या फितीवर अशी पद्धत आंधळेपणाने चालवली, तर विजेच्या गुणगुणीबरोबर तंबोराही क्षीण होईल आणि गायकाचा षड्जच आधाराविना उरेल. काय अनाहूत आणि काय आवश्यक, हे संगीताची परंपरा ठरवते. यंत्र ते स्वतः ठरवू शकत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) प्रक्रियाजन्य ध्वनी हा प्रत्येक तंत्राचा सोबती आहे. पूर्णतः निर्दोष तंत्र या इतिहासात आढळत नाही.

२) १९७० च्या दशकापासून दोषनिवारणात अंदाजाचा वाटा वाढत गेला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेत तो निर्मितीपर्यंत पोहोचला. म्हणून ‘स्वच्छ केलेला’ ध्वनी हा संपादित पाठ मानावा. त्यास मूळ साधनाचा दर्जा देऊ नये.

३) महाविद्यालयांतील संगीत व इतिहास विभागांनी फिती, कॅसेट व तबकड्या यांचे अंकीकरण करताना कोणताही फेरफार न केलेली एक प्रत कायम जतन करावी. स्वच्छ प्रत वेगळी ठेवावी आणि तिच्यावर कोणती प्रक्रिया, कोणत्या साधनाने व केव्हा केली, याची नोंद तिच्यासोबत असावी.

४) यंत्रनिर्मित संगीत अध्यापनात वापरावयाचे झाल्यास ते तसे असल्याचा स्पष्ट उल्लेख करावा.

पोथीच्या संपादकाने जो विवेक अक्षरांच्या बाबतीत पाळला, तोच स्वरांच्या बाबतीत पाळणे, एवढीच ही अपेक्षा आहे. पुढील पिढीच्या अभ्यासकाला तबकडीची खरखर ऐकण्याचा कंटाळा येईलही. परंतु ती ऐकायची की नाही, हे ठरवण्याची संधी त्याला मिळावयास हवी.