वऱ्हाडातील सी भाषा
1 मे 1983 रोजी नागपूर विद्यापीठापासून पृथक् होऊन अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 पासून होतेच, आणि त्याच 1983 साली बडनेरा व अकोल्यानजीकचे बाभुळगाव येथेही खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. पुढे अशा महाविद्यालयांच्या संगणककक्षांत जी सी भाषा रुजली, ती डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध केलेली. परंतु अनेक वैदर्भीय विद्यार्थ्यांना तिचा परिचय घडविला तो नागपूरच्याच यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या ग्रंथाने.

बोर्लंडच्या टर्बो सीने 1987 मध्ये लेखन, रूपांतर आणि अंमल हे तिन्ही व्यवहार एकाच पडद्यावर आणले. सोय मोठी खरी. पण मधली कारवाई दृष्टीआड झाली, हे माझ्या मते नुकसानच. हुकुमाच्या ओळीवर 'जीसीसी' या रूपांतरकाचे नाव लिहून पुढे फाईलचे नाव देणाऱ्यास मात्र पूर्वसंस्करण, यंत्रभाषेत रूपांतर आणि अखेरची जोडणी या पायऱ्या, जिनात सरकी निघून प्रेसमध्ये गठाण बांधली जावी तशा, हव्या तर एकेक करून थांबवून पाहता येतात. तयार फाईलला नाव न दिल्यास 'ए.आऊट' हे नाव आपोआप पडते. ते जुन्या असेंब्लरच्या अमदानीतले, दफ्तरी तसेच राहून गेलेले. ती फाईल चालविताना आधी टिंब व तिरकी रेघ द्यावी लागते, कारण युनिक्सच्या शोधमार्गात चालू निर्देशिकेची नोंद सहसा नसते.