विद्यापीठीय प्रबंधांचे डिजिटल जतन : मराठीच्या अंगाने एक मागोवा

भारतीय विद्यापीठांत पीएच.डी.चा प्रबंध विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत प्रामुख्याने टंकलिखित आणि बांधीव स्वरूपात सादर होत असे. त्याच्या मोजक्याच प्रती निघत व त्यांतील एखादी ग्रंथालयात कायमची राही. जो प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला नाही, त्याचे आयुष्य त्या प्रतीच्या आयुष्याइतकेच असे. बडोदा, दिल्ली, वाराणसी, धारवाड, हैदराबाद अशा महाराष्ट्राबाहेरील केंद्रांतून झालेल्या मराठी संशोधनाला ही मर्यादा अधिक जाचक ठरली. कारण तेथील मराठी वाचकवर्ग लहान आणि मराठी प्रकाशनाची केंद्रे दूर. प्रबंध संगणकावर आल्यामुळे ही अडचण संपली, असा एक समज रूढ आहे. त्या समजाची तपासणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. डिजिटल प्रत किती ठिकाणी ठेवली आहे, हा प्रश्न महत्त्वाचा खरा. परंतु ती ज्या संकेतांत लिहिली गेली ते संकेत पुढील अभ्यासकाला उलगडतील काय, हा मराठीच्या दृष्टीने अधिक निर्णायक प्रश्न आहे.

१. मोडीचा दाखला

मराठीला हा प्रश्न सर्वस्वी नवा नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे आजही उपलब्ध आहेत. कागद टिकला, शाईही टिकली. मात्र विसाव्या शतकात मोडी शिक्षणातून आणि व्यवहारातून मागे पडली आणि ती वाचणारे विरळ झाले. वस्तू टिकणे आणि तिची वाचनक्षमता टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली, सातव्या आवृत्तीत. मोडीच्या बाबतीत वाचनाची परंपरा क्षीण होण्यास काही पिढ्या जाव्या लागल्या. संगणकीय संहितेच्या बाबतीत तेवढाच दुरावा दहा-पंधरा वर्षांत निर्माण होऊ शकतो.

२. फॉन्टचा कालखंड

भारतीय लिपींच्या संगणकीकरणासाठी प्रमाण संकेत तयार करण्याचे काम देशात वेळेवर सुरू झाले होते. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने जिस्ट तंत्रज्ञानाचा प्रसार केला. १९९१ साली ‘इस्की’ हा संकेत भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला आणि त्याची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती.

प्रत्यक्ष व्यवहार मात्र दुसऱ्या दिशेने गेला. अक्षरजुळणीच्या व्यवसायात आठ बिटांचे फॉन्ट रुळले. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे आणि त्यांच्या अवयवांचे आकार बसवलेले असत. पडद्यावर मराठी दिसे. फाइलमध्ये साठवले जात ते रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेतांक. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी वेगळी. एका फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की निरर्थक चिन्हांची रांग समोर येई. विंडोज २००० या प्रणालीत देवनागरी युनिकोडची सोय आल्यानंतरही ही पद्धत दीर्घकाळ चालू राहिली.

याचा जतनाशी थेट संबंध आहे. अशा फॉन्टमध्ये जुळवलेला प्रबंध पीडीएफ स्वरूपात आणि फॉन्ट आत समाविष्ट करून ठेवला, तर तो डोळ्यांनी वाचता येतो. परंतु त्यात ‘तुकाराम’ हा शब्द शोधू गेल्यास तो सापडत नाही, आणि त्यातील उतारा अन्यत्र घेतल्यास रोमन चिन्हे उमटतात. फॉन्ट समाविष्ट नसेल आणि त्याचा मांडणीतक्ताही हरवला असेल, तर मूळ मजकूर परत मिळवणे अतिशय कष्टाचे होते.

युनिकोडमुळे मूळ अडचण दूर झाली, तरी काही बारकावे उरलेच. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वी ते ‘अ’ आणि चंद्र यांच्या जोडणीने लिहिले जात असे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद मराठीत अर्थभेदक आहे. पण ‘दऱ्या’मधील रफार दोन भिन्न संकेतक्रमांनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही रूपे सारखीच. शोध घेणाऱ्या संगणकाला मात्र, तशी योजना केली नसेल तर, ती वेगळी वाटतात. मराठी संग्रहाची सूची करणाऱ्यास हे ठाऊक असणे आवश्यक ठरते.

३. सक्तीपासून संग्रहापर्यंत

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने १९९७ च्या आरंभापासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली. भारतात म्हैसूर विद्यापीठाने २००० साली ‘विद्यानिधी’ हा प्रकल्प हाती घेऊन या विचाराला चालना दिली. २००२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे ग्रंथालय आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी तयार केलेली ‘डीस्पेस’ ही मुक्त संगणकप्रणाली उपलब्ध झाली आणि स्वतःचा संग्रह उभारणे लहान विद्यापीठांच्याही आवाक्यात आले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली सुरू केलेला ‘इन्फ्लिबनेट’ हा कार्यक्रम प्रारंभी पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेच्या अंतर्गत होता. १९९६ साली तो स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र झाला. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पदवी जाहीर झाल्यापासून तीस दिवसांत प्रबंधाची डिजिटल प्रत पाठवणे विद्यापीठांना बंधनकारक केले. त्यातून ‘शोधगंगा’ हा राष्ट्रीय संग्रह वाढला. त्यात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत व प्रत्येकाला कायमस्वरूपी ओळखक्रमांक असतो. ज्या प्रबंधासाठी पूर्वी रेल्वेने दोन दिवसांचा प्रवास करावा लागे, तो आता घरबसल्या पाहता येतो. हा लाभ मोठा आहे.

तथापि राष्ट्रीय संग्रहात जाते ती प्रामुख्याने पीडीएफ प्रत. अक्षरजुळणीची मूळ फाइल, वापरलेला फॉन्ट, क्षेत्रकार्यात मिळालेली ध्वनिमुद्रणे व छायाचित्रे ही सामग्री बहुधा संशोधकाकडे किंवा विभागाच्या कपाटातील सीडीवर राहते. जात्यावरच्या ओव्यांवरील प्रबंधात ओवीची संहिता असते. ती गाणाऱ्या बाईचा आवाज नसतो.

४. जतनाची रीत

दीर्घकालीन डिजिटल जतनाचा सर्वमान्य आराखडा ‘ओएआयएस’ या नावाने ओळखला जातो. तो ग्रंथालयांतून नव्हे, तर अंतराळ संशोधनाच्या क्षेत्रातून पुढे आला आणि २००३ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरला. उपग्रहाने पाठवलेल्या आकड्यांचा अर्थ लावणारे टिपण हरवले की ते आकडे निरुपयोगी होतात, हा त्यामागील व्यावहारिक अनुभव. म्हणून या आराखड्यात मूळ फाइलबरोबर तिचा अर्थ लावण्यास लागणारी माहितीही एकत्र जपण्याचा आग्रह आहे. मराठी प्रबंधाच्या संदर्भात ही माहिती म्हणजे फॉन्टचे नाव, त्याची आवृत्ती आणि मांडणीतक्ता.

याला जोडून काही नित्याची कामे येतात. फाइल बिघडली नाही ना, हे तिच्या ‘चेकसम’वरून ठरावीक काळाने तपासणे, वेगवेगळ्या गावी किमान एक जादा प्रत ठेवणे, फॉन्ट आत बाळगण्याची अट असलेले २००५ चे ‘पीडीएफ-ए’ हे मानक स्वीकारणे, आणि सीडीसारखी माध्यमे कालबाह्य होण्यापूर्वी त्यांतील सामग्री अन्यत्र हलवणे. यांतील एकही काम एकदा करून संपणारे नाही. कागदाचे दप्तर काही दशके कुलपात राहिले तरी निभावते. डिजिटल दप्तराला तशी उपेक्षा सोसत नाही.

कायद्यानेही या सामग्रीची दखल घेतली आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मधील अभिलेखाच्या व्याख्येत संगणकाद्वारे निर्माण झालेल्या साहित्याचा उल्लेख आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार जपलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढेही वापरता येण्याजोगा असला पाहिजे. दिल्लीतील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या दृक्‌श्राव्य अभिलेखागाराला २०१७ साली विश्वासार्ह डिजिटल संग्रहासाठीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. हे काम देशात होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

५. समारोप

या विवेचनावरून विद्यापीठांची जबाबदारी स्पष्ट होते. प्रबंधाची प्रत राष्ट्रीय संग्रहाकडे पाठवल्याने ती पूर्ण होत नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरच्या दशकात जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेले मराठी प्रबंध शोधून त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे, ते मूळ प्रतीशी ताडून पाहणे आणि दोन्ही रूपे नोंदींसह जपणे, हे काम ग्रंथालय, संगणक विभाग आणि मराठी विभाग यांनी मिळून करावयाचे आहे. रूपांतर यंत्राने होते. पण ‘दर्या’ कोठे आणि ‘दऱ्या’ कोठे, हे मराठी जाणणाऱ्यालाच ठरवता येते. त्या फॉन्टचा वापर केलेली, त्यांची मांडणी ठाऊक असलेली माणसे अद्याप विद्यापीठांत आणि मुद्रणव्यवसायात आहेत. मोडीच्या जाणकारांप्रमाणे तीही विरळ होण्यापूर्वी या कामाला आरंभ होणे अगत्याचे आहे.