निशाणी नांगर

आमच्या घरच्या लोखंडी पेटीत एक जुना कर्जरोखा आहे. कागद घड्यांवर विरलाय, मोडी अक्षर मात्र ठसठशीत आहे. खाली पणजोबांचं नाव आहे, सही नाही. सहीच्या जागी चार रेघांचा नांगर काढलाय. शेतकऱ्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी. तालुका कोर्टात कारकुनी करताना असे कितीतरी कागद माझ्या हाताखालून गेले. पण घरचा नांगर पाहिला की आजही पोटात कालवतं. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं, त्याने त्या अक्षरांखाली आपली जमीन लिहून दिली होती.

आमचं गाव जुन्या भीमथडी तालुक्यातलं. 1861 ते 65 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून उधार देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यातच सरकारने जमीनमहसूल वाढवला. सावकाराने हात आखडता घेतला आणि तगादा सुरू झाला.

कायदा होता, पण कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या, बाजूने चालत नव्हता. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा लावता येई. जुनं देणं माणसाच्या मानेवर जन्मभर राहू नये, हा त्यामागचा हेतू. सावकाराने त्यातून वाट काढली. तीन वर्षं भरत आली की व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करायचा आणि त्यावर पुन्हा नांगर काढून घ्यायचा. भरलेल्या पैशाची पावती नाही, वही सावकाराच्या घरात. दावा लागला की कूळ कोर्टात फिरकायचंच नाही. जाऊन बोलणार काय? एकतर्फी हुकूमनामा व्हायचा, मागोमाग जप्ती यायची.

1874 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यापायी देशमुखाचं घर पाडलं. गाव चिडलं. सावकाराची हजामत करायची नाही, पाणी भरायचं नाही, त्याच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, असं ठरलं. हा बहिष्कार गावोगाव पसरला.

मग 12 मे 1875 चा दिवस उजाडला. आमच्याच भीमथडी तालुक्यातल्या सुप्याचा बाजार होता. आसपासच्या गावांतून आलेले शेतकरी सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. लूट झाली, जाळपोळही झाली. पण पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पसरले, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लोक सावकाराकडे रोखे मागत. त्याने ते मुकाट्याने काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागत नसे. कागद चव्हाट्यावर आणून जाळले जात. आपल्याला कशाने बांधलंय, हे त्या निरक्षर माणसांना पक्कं कळलं होतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी. आता नुसता रोखा दाखवून भागेना. कर्ज मुळात किती, व्याज किती आणि भरलं किती, हे कोर्टाने पहिल्यापासून उलगडून पाहायचं. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. आणि माझ्या लेखी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे भरलेल्या पैशाची पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क कुळाला मिळाला. कायद्याने दुखणं संपलं नाही, जमिनी पुढेही गेल्याच. पण कुळाच्या हातात प्रथमच त्याचा स्वतःचा कागद आला.

हे सगळं गेल्या पावसाळ्यात पुन्हा आठवलं. शेजारच्या एका मुलीने बचतगटामार्फत छोटी कर्जं देणाऱ्या एका कंपनीचं कर्ज घेतलं होतं. दोन हप्ते थकले, तर वसुलीवाले रात्री आठला ओट्यावर येऊन बसले आणि सासूला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागले. मी तिला सांगितलं, ओळखपत्र आणि अधिकारपत्र माग. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे अशा छोट्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, इतर कर्जांसाठी ही वेळ आठ ते सात आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, यातलं काही चालत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार कर. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. आणि देणं आहे ते फेडायचंच, पण आधी खात्याचा उतारा हातात घे.

अर्ज तिने स्वतः लिहिला, खाली पूर्ण नाव घालून सही केली. परत आली तेव्हा मी कोर्टातल्या सवयीने विचारलं, "पोच घेतलीस का?" तिने पिशवीतून शिक्का मारलेली प्रत काढून दाखवली. मग ती नीट घडी घालून रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवली.