रीलमधला घोडा न बघता विकत घेताय? पैसे कसे द्यायचे आणि घोडा घरापर्यंत कसा आणायचा

पांढराशुभ्र नुकरा, मागे ढोलकीचा ठेका, खाली लिहिलेलं "ऑल इंडिया डिलिव्हरी, इच्छुकांनी मेसेज करा". असे व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर येत असतील. घोडा राजस्थानात, पंजाबात नाहीतर काठियावाडात असतो आणि घेणारा सातारा, लातूर किंवा धुळ्याच्या एखाद्या गावात. कुणाला वरातीसाठी घोडी हवी असते, कुणाला शर्यतीसाठी, कुणाला नुसती हौस म्हणून.

पूर्वी हा सौदा सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, नाहीतर नांदेडच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत व्हायचा. घोडा समोर उभा, तोंड उघडून दात बघितले, पळवून बघितला, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला आणि घोडा हातात आला. म्हणजे पैसे आणि घोडा यांची अदलाबदल एकाच जागी, एकाच वेळी. ऑनलाइन सौद्यात हेच तुटतं. पैसे दोन सेकंदांत जातात आणि घोड्याला यायला दोन दिवस लागतात. फसवणूक होते ती या मधल्या वेळात.

आधी घोडा आहे का, ते बघा

तयार व्हिडिओवर विश्वास ठेवू नका, तो कुणाचाही उचलता येतो. व्हिडिओ कॉल करा आणि सांगाल तसं करायला लावा. घोडा कडक जमिनीवर चालवायचा, मऊ मातीत नाही, कारण मातीत लंगडणं झाकलं जातं. तुमच्याकडे येताना आणि तुमच्यापासून जाताना दुडकी चाल दाखवायची. डावीकडे वळवायचा, उजवीकडेही वळवायचा. चारही पाय एकेक करून उचलून दाखवायचे. शक्यतो खरारा करायच्या आधीचा, थंड असतानाचा घोडा बघा. भूल किंवा वेदनाशामक देऊन शांत केलेला घोडा मान खाली टाकून डोळे अर्धे मिटून उभा राहतो आणि विकणारा त्यालाच "एकदम गरीब, लहान मूलही बसवा" म्हणतो.

भोवऱ्यांबद्दल एक गोष्ट. आपल्याकडे अंगावरच्या भोवऱ्यांवरून घोडा शुभ की अशुभ ठरवतात, देवमण असलेल्याला जास्त भाव येतो. त्यावर तुमचा विश्वास असो वा नसो, ओळख पटवायला भोवरे फार कामाचे. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे ते प्रत्येक घोड्याचे वेगळे असतात आणि बदलत नाहीत, म्हणून घोड्यांच्या ओळखपत्रातही त्यांची नोंद करतात. कपाळ, मान आणि छातीवरचे भोवरे, पायावरचे पांढरे पट्टे यांचे जवळून फोटो मागवून ठेवा. घोडा दारात उतरेल तेव्हा तोच आहे का, हे यावरूनच कळेल. मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिचा नंबर घ्या. "रजिस्टर्ड मारवाडी" म्हणून भाव लावत असतील तर नोंदणीचा कागद आणि त्यातलं वर्णन समोरच्या घोड्याशी जुळतं का ते बघा. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची नोंद पुण्यातल्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते.

मग डॉक्टर. घोडा जिथे आहे त्या भागातला पशुवैद्य तुम्ही शोधायचा आणि त्याची फी तुम्हीच द्यायची. विकणाऱ्याने सुचवलेला "आमच्या घरचाच डॉक्टर" नको. पाय, डोळे, दात, हृदय, श्वास हे सगळं त्याने तपासावं आणि भोवऱ्यांच्या वर्णनासह लेखी द्यावं. लाखाच्या सौद्यात ही फी किरकोळ असते, आणि लोक वाचवतात ती नेमकी हीच.

ग्लँडर्सचा रिपोर्ट का हवा

ग्लँडर्स हा घोडा, गाढव, खेचरांचा जिवाणूजन्य रोग. तो माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. भारतात २००६ साली तो पुन्हा दिसला, तो महाराष्ट्रातच. यावर जनावरांसाठी लस नाही आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर उपचार नाही, त्याला दयामरण द्यावं लागतं. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यात या रोगाची माहिती सरकारला देणं बंधनकारक आहे आणि रोग आढळलेल्या भागातून घोड्यांची ने-आण थांबवता येते.

त्यामुळे रक्ताची तपासणी घोडा गाडीत चढायच्या आधी झाली पाहिजे. देशातली यासाठीची मुख्य संस्था म्हणजे हरियाणातल्या हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. नमुना सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवता येतो. रिपोर्ट यायला वेळ लागतो, तो धरूनच तारीख ठरवा. "रिपोर्ट मागून पाठवतो, गाडी आज रिकामी चाललीय" असं कुणी म्हणालं तर गाडी जाऊ द्या.

पैसे: एका दमात देऊ नका

घोड्यांच्या व्यवहारात पैसे मध्ये धरून ठेवणारी, दोन्ही बाजूंना खात्रीची वाटेल अशी सोय आपल्याकडे रुळलेली नाही. जमिनीच्या व्यवहारात चालतो तो इसारच इथे कामाला येतो. समजा घोडा ३ लाखांना ठरला. ३० हजार इसार द्या, पण इसार पावती घेऊन आणि पावतीवर स्पष्ट लिहून: पशुवैद्याची तपासणी किंवा ग्लँडर्सचा रिपोर्ट नीट आला नाही तर इसार परत. दोन्ही रिपोर्ट चांगले आले की गाडीत घोडा चढताना २ लाख १० हजार. उरलेले ६० हजार घोडा तुमच्या दारात उतरल्यावर आणि ओळख पटल्यावर. आकडे पुढेमागे करा, पण शेवटचा हप्ता इतका ठेवा की तो सोडून द्यायला विकणाऱ्याला जड जाईल.

विकणाऱ्याची भीतीही खोटी नसते. घोडा हजार किलोमीटरवर गेला आणि घेणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं तर तो काय करणार? म्हणून मोठा हप्ता चढवतानाच द्यायचा, आणि त्या वेळी तुमचं माणूस तिथे उभं असायला हवं. भाऊ, मित्र, ओळखीचा मोतद्दार, कुणीही चालेल. खरं सांगायचं तर रेल्वेचं एक तिकीट या सगळ्या उपायांपेक्षा स्वस्त आणि पक्कं पडतं.

पैसे बँकेतून द्या. यूपीआयची मर्यादा साधारणपणे दिवसाला १ लाख असते. २ लाख आणि त्यावरच्या रकमेला आरटीजीएस चालतं, त्याखाली एनईएफटी, आणि दोन्ही आता चोवीस तास सुरू असतात. १ एप्रिल २०२५ पासून या दोन्हींत पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव दिसायची सोय आहे. खात्यावरचं नाव, पावतीवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं. "भाच्याच्या खात्यावर टाका" म्हटलं की थांबा. रोखीचा आग्रह धरला तर एवढं सांगा, की एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्याने तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

फसवणुकीचा नेहमीचा नमुना असा: भाव बाजारापेक्षा बराच कमी, विकणारा लष्करात असल्याचं सांगतो, बदली झाली म्हणून घाई आहे. थोडा इसार घेतो. मग गाडीभाडं, मग विमा, मग "चेकपोस्टवर गाडी अडवली, २० हजार टाका, घोडा उतरला की परत मिळतील". घोडा मुळात नसतोच. पैसे परत देतो म्हणून क्यूआर कोड पाठवला तर लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ते गोठवले जाण्याची आशा असते.

वाटेत घोडा मेला तर नुकसान कुणाचं?

हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही आणि भांडण इथेच होतं. कायद्याच्या नजरेत घोडा ही "वस्तू" आहे. वस्तू विक्री कायदा, १९३० सांगतो की वेगळं काही ठरलं नसेल तर मालकी ज्याची, जोखीम त्याची. आणि विकणाऱ्याने माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तो प्रथमदर्शनी घेणाऱ्यालाच दिला असं धरतात. म्हणजे तुम्ही काहीच लिहून घेतलं नसेल तर वाटेत पोटशूळ होऊन घोडा गेला, तरी बहुतेक वेळा तो तुमचाच गेला.

म्हणून पावतीवर एक वाक्य घाला: घोडा घेणाऱ्याच्या पत्त्यावर उतरून ओळख पटेपर्यंत मालकी आणि जोखीम विकणाऱ्याची. तो कबूल झाला नाही तर प्रवासाचा विमा तुम्ही काढा, आणि विम्यात नुसता अपघात आहे की आजारपणही, ते विचारा.

करार कायद्यातली एक गंमत इथे फार उपयोगी आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक समजावताना उदाहरणच घोड्याचं दिलंय. विकणाऱ्याला घोड्याची खोड माहीत आहे आणि तो नुसता गप्प बसला, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, "तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निर्दोष आहे असं मी समजतो," आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलल्यासारखंच. तेव्हा इसार द्यायच्या आधी व्हॉट्सॲपवर हेच वाक्य लिहून पाठवा: घोडा लंगडत नाही, डोळे चांगले आहेत, चावत-लाथाडत नाही, जुनं दुखणं नाही असं मी धरतोय, चूक असेल तर आत्ता सांगा. त्या चॅटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

गाडी तुम्ही ठरवा

गाडीभाडं विकणाऱ्यामार्फत देऊ नका. गाडीवाल्याशी थेट बोला, निम्मं चढवताना आणि निम्मं उतरल्यावर असं ठरवा. गाडीचा नंबर, चालकाचा परवाना यांचे फोटो घ्या, लाईव्ह लोकेशन मागा. रिटर्न गाडी स्वस्त पडते, पण आधी तिच्यात कुठली जनावरं होती आणि गाडी धुऊन जंतुनाशक मारलंय का, ते विचारा.

प्राणी वाहतूक नियम, १९७८ मध्ये घोड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. घोडा प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही असं पशुवैद्याचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर वाहतूकदाराने घोडा घ्यायचाच नाही. एका गाडीत जास्तीत जास्त चार ते सहा घोडे, दोन घोड्यांमध्ये बांबूची आडकाठी, तळाला घसरणार नाही असं काहीतरी, सोबत एक माणूस, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. मोटार वाहन नियमांत प्रत्येक घोड्याला सव्वादोन चौरस मीटर जागा सांगितली आहे. गाभण घोडी इतरांत मिसळायची नाही.

जोधपूर ते पुणे अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. ताशी ३५ ने नुसतं चालवायचं म्हटलं तरी तीस तास होतात, थांबे धरून दोन दिवस. "उद्या सकाळी दारात" म्हणणारा गाडी कशी हाकणार आहे ते यावरून ओळखा.

घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात बिघडलं की प्रकरण लवकर गंभीर होतं. निघताना दाणा भरपूर चारणं ही माया नव्हे. सुका चारा समोर ठेवा, दाणा कमी करा. दर चार-पाच तासांनी गाडी थांबवून पाणी दाखवायचं. परक्या पाण्याला काही घोडे तोंड लावत नाहीत, म्हणून तबेल्यातलंच पाणी कॅनमध्ये भरून घेतात. दोर इतका आखूड नको की मान वरच राहील. मान खाली नेता आली नाही तर छातीतली घाण बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासानंतर न्यूमोनिया होतो. उन्हाळ्यात प्रवास रात्रीचा.

उतरवताना

व्हिडिओ सुरू करूनच गाडीचा फळका उघडा. भोवरे, पट्टे, चिपचा नंबर जुळवा. जखम दिसली तर चालकाच्या पावतीवर लिहा. घोडा दुसराच निघाला, तर मुका जीव उन्हात गाडीत उभा ठेवू नका. उतरवा, पाणी द्या, पण पावतीवर "ताब्यात घेतला, स्वीकारलेला नाही" असं लिहा आणि विकणाऱ्याला लगेच मेसेज करा. न बघता घेतलेला माल तपासायची रास्त संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असं कायदा मानत नाही, आणि नाकारलेला माल परत पोचवायची जबाबदारीही तुमच्यावर येत नाही. विकणारा व्यापारी असेल आणि घोडा तुम्ही धंद्यासाठी घेतला नसेल, तर तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला घोडाही यात बसतो.

सगळं जुळलं तर उरलेले पैसे त्याच दिवशी द्या, त्यात टाळाटाळ नको. नवा घोडा निदान दोन आठवडे इतर घोड्यांपासून लांब बांधा, त्याची बादली आणि खराऱ्याचा ब्रश वेगळा ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघा. साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक. त्यावर गेला, खोकला आला किंवा चारा सोडला तर डॉक्टरला बोलवा. आणि सौदा ठरवतानाच विकणाऱ्याकडून आठवडाभर पुरेल एवढा त्याचा नेहमीचा दाणा पोत्यात भरून मागून घ्या. तुमचा दाणा त्यात रोज थोडा थोडा मिसळत नेला की पोट बिघडत नाही.