साताऱ्याच्या पेठा आणि राजवाड्यातली शाळा

आपण पाचगणीची माणसं. कोर्टकचेरी असो, दवाखाना असो की लग्नाचा बस्ता, पसरणीचा घाट उतरून वाईमार्गे आपण साताऱ्याला जातो. मोती चौकात खरेदी करतो आणि संध्याकाळची एसटी धरून परत येतो. पण ज्या रस्त्यांनी आपण पिशव्या घेऊन हिंडतो, तो मराठी राज्याच्या राजधानीचा गाभा आहे, हे कितीजणांच्या ध्यानात येते? आम्ही गिरणीत राबलेले, पदवी वगैरे काही नाही. वाचून आणि हिंडून जे कळले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगतो.

शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. दक्षिणेला अजिंक्यतारा, त्याच्या उत्तर पायथ्याला उताराने शहर वसत गेले. पेठा पडल्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शनिवार अशा काही वारांच्या. सदाशिव, भवानी, यादोगोपाळ, चिमणपुरा अशा काही देवाच्या नि माणसांच्या नावाच्या. यवतेश्वराच्या डोंगरावरून पाणी आणून पेठापेठांतले हौद भरले जात.

१८१८ साली इंग्रजांनी पेशवाई बुडवली आणि प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. त्यांनी शहरात रुंद रस्ते केले, राजवाडा बांधला. आजही राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे वरचा रस्ता आणि खालचा रस्ता असे दोन रस्ते जातात. वरचा तोच राजपथ. पुढे १८३९ साली इंग्रजांनी महाराजांना पदच्युत करून काशीला धाडले आणि १८४८ साली राज्यच खालसा केले.

राजा गेला, वाडा राहिला. त्या वाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागले. तेच आजचे प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले. भिवा रामजी आंबेडकर!

बंधू-भगिनींनो, इथे जरा थांबा. पेठांच्या एवढ्या नावांत आपले नाव शोधले तर सापडत नाही. शहरात धोबी होते, न्हावी होते. पैसे देऊनही ते या घरचे काम करीत नसत. कपडे घरीच धुतले जात आणि भावांचे केस थोरली बहीण कापायची. शाळेत बसायला वेगळे गोणपाट, तेही रोज घरून न्यायचे नि परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडून द्यायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. हौदांच्या शहरात पोर तहानेलं राहायचं!

म्हणून आम्ही म्हणतो, साताऱ्याचा इतिहास दोन्ही बाजूंनी वाचावा. राजधानीचा अभिमान जरूर बाळगावा, पण गोणपाट विसरू नये. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो. त्या दिवशी पोरांना घेऊन साताऱ्याला जा. सदर बझारात माता भीमाबाईंच्या स्मारकाला वंदन करा. मग राजपथाने चालत राजवाड्यापर्यंत या आणि पोरांना सांगा, राजे या वाड्यात जन्माच्या हक्काने आले, आपला भिवा पाटी-पुस्तक घेऊन आला.

जयभीम!