विकेंद्रीकरण आणि परकीय मदत : आपला अनुभव

परकीय मदतीच्या बळावर विकसनशील देशांत विकेंद्रीकरण घडवता येते काय, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय संस्थांना नवा वाटत असला तरी भारतापुरते त्याचे उत्तर १९५७ सालीच मिळाले होते.

१९४८ मध्ये अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मेयर यांच्या मार्गदर्शनाखाली उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात ग्रामविकासाचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. पुढे जानेवारी १९५२ मध्ये भारत-अमेरिका तांत्रिक सहकार्य करार झाला, फोर्ड फाउंडेशनने प्रशिक्षणास साहाय्य दिले आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ सामूहिक विकास प्रकल्पांचा प्रारंभ झाला. विकास गट आणि गटविकास अधिकारी ही यंत्रणा याच काळात रुजली.

यंत्रणा उभी राहिली, पण निर्णयाचा अधिकार गावाकडे आला नाही. योजना वरून येत आणि हिशेब वर जाई. कार्यक्रम स्थानिक पुढाकार जागवू शकला नाही, असा निष्कर्ष बलवंतराय मेहता समितीने नोव्हेंबर १९५७ च्या अहवालात काढला आणि लोकप्रतिनिधींच्या संस्थांकडे अधिकार व निधी सोपविण्याची शिफारस केली. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातील नागौर येथे पंचायत राज्याचे उद्घाटन झाले. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार गटापेक्षा जिल्ह्याला अधिक बळ दिले आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील मर्म उत्तरदायित्वाचे आहे. पैसा जेथून येतो, तेथेच हिशेब द्यावा लागतो. म्हणून मदतीने रस्ते, प्रशिक्षण आणि कर्मचारी मिळतात; सत्ता मात्र देशाच्या कायद्यानेच द्यावी लागते.

क्रम योग्य असेल तर मदत उपयोगी पडते. पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून निवडून आलेल्या पंचायती होत्या. केरळने १९९६ मध्ये लोकनियोजनातून योजनानिधीचा मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे वळवला. जागतिक बँकेचे साहाय्य या राज्यांतील पंचायतींच्या सक्षमीकरणासाठी २०१० नंतर आले. तेथे अधिकार आधीच होता, मदतीने कार्यक्षमतेला हातभार लावावयाचा होता.

केंद्र सरकारच्या सेवेत असल्याने मला या इतिहासातील आणखी एक इशारा महत्त्वाचा वाटतो. अटींनी बांधलेला केंद्राचा निधीही ग्रामपंचायतीच्या दृष्टीने परकाच असतो. पैसा वॉशिंग्टनहून आला की दिल्लीहून, याने सरपंचाला फरक पडत नाही. तो कशावर खर्च करावयाचा हे ग्रामसभा ठरवू शकते काय, यानेच पडतो.